सव्वानऊचा दंगा

गेल्या महिन्यात भाचीकडे दोन रात्री राहिलो. तिचा मुलगा सव्वादोन वर्षांचा. साडेसातला वरणभात खाताना डोळे चोळत होता, म्हणून आठला त्याला गादीवर आडवा केला. सव्वानऊला हा गृहस्थ पलंगावर उभा राहून उड्या मारत होता. भाची थोपटून थोपटून स्वतःच डुलक्या घ्यायला लागली. शेवटी सव्वादहाला तिच्या केसांची बट मुठीत धरून तो झोपला. ती बट सोडवण्यात आणखी दहा मिनिटं गेली. बाहेर सासूबाई म्हणाल्या, "याची दृष्ट काढायला हवी." भाचीच्या मोबाईलवर वेगळाच मांत्रिक होता: फी भरा, तीन रात्रींत बाळ एकटं झोपायला शिकेल.

शाळेत आपण प्रयोजक क्रियापदं शिकलो. झोपणे, झोपवणे. गंमत अशी, की झोपवणं कोणालाच जमत नाही. झोप आतून येते, आपण फार तर तिच्या वाटेतून बाजूला होतो. आणि ती आत कशी तयार होते, हे कळलं तर सव्वानऊच्या दंग्याचा अर्थ लागतो.

१९८२ साली झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी झोपेचं जे गणित मांडलं, ते थोड्याफार फरकानं आजही वापरतात. त्यात दोन घटक आहेत. पहिला झोपेचा दाब. पेशींना ऊर्जा पुरवणारा एटीपी हा रेणू शाळेत भेटलेला असतो. मेंदू जागेपणी तो खर्च करतो, तेव्हा मागे अडेनोसिन साठत जातं. ते साठेल तशी पेंग वाढते. (चहा-कॉफीतलं कॅफिन अडेनोसिनच्या जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी येते.) लहान मुलांत हा दाब भराभर चढतो, म्हणूनच त्यांना दुपारची झोप लागते. आणि म्हणूनच पाचला झोपून सहाला उठलेलं पोर आठला झोपत नाही. दाब नुकताच रिकामा झालेला असतो.

दुसरा घटक म्हणजे शरीरातलं घड्याळ. मला खरा रस याच्यात आहे. दाब दिवसभर चढतच असेल, तर संध्याकाळी सातला आपण सगळे पेंगत का नाही? कारण घड्याळ उलट्या दिशेनं ओढत असतं. ही रस्सीखेच आहे. दिवस सरताना दाब जोर लावतो, तसं घड्याळही जागेपणाच्या बाजूनं जोर वाढवतं, आणि हा जोर सर्वांत जास्त असतो तो झोपेच्या आधीचे दोनेक तास.

हैफाच्या टेक्निऑन संस्थेतले पेरेत्झ लावी यांनी १९८६ साली हे एका छळवादी प्रयोगातून दाखवलं. त्यांनी तरुण माणसांचा दिवस २० मिनिटांचा करून टाकला. ७ मिनिटं अंधारात पडून झोपायचा प्रयत्न, १३ मिनिटं सक्तीचं जागरण, पुन्हा ७ मिनिटं. अगदी आदल्या रात्रीचं जागरण झालेल्यांनाही संध्याकाळच्या काही तासांत झोप लागता लागेना. मग एकदम दार उघडल्यासारखं व्हायचं, आणि पाठ टेकली की झोप. त्या आधीच्या पट्ट्याला लावींनी झोपेला मज्जाव असलेला काळ म्हटलं.

हे दार उघडायच्या आधी रक्तात मेलाटोनिन हे संप्रेरक वाढतं. त्याचं काम दवंडी पिटण्याचं: रात्र झाली. ही दवंडी निघते कुठून, ते पाहण्यासारखं आहे. डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंची जिथे फुली होते, तिच्या वर सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो, सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. तेच घड्याळ. त्याला उजेडाची खबर डोळ्यातल्या खास पेशी देतात. त्यांच्यात मेलॅनोप्सिन हे रंगद्रव्य असतं आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला ते सर्वाधिक प्रतिसाद देतं. घड्याळ आणि मेलाटोनिन बनवणारी पिनियल ग्रंथी, दोन्ही मेंदूतच, काही सेंटिमीटरच्या अंतरावर. पण निरोप सरळ जात नाही. तो मेंदूतून खाली पाठीच्या कण्यात उतरतो, छातीच्या वरच्या भागात बाहेर पडतो, मानेतल्या एका मज्जागंडिकेत, म्हणजे मज्जापेशींच्या गाठीत, गाडी बदलतो आणि रक्तवाहिन्यांच्या सोबतीनं पुन्हा डोक्यात चढतो. याला म्हणतात द्राविडी प्राणायाम. उत्क्रांती अशीच असते, जुन्या वाड्याच्या वायरिंगसारखी.

आता पुन्हा पोराकडे. कोलोरॅडो विद्यापीठात मोनिक लबुर्जुआ यांच्या गटानं अडीच ते तीन वर्षांच्या १४ मुलांची दवंडीची वेळ मोजली. पद्धत लाळेची, म्हणजे मेलाटोनिन लाळेत मोजायचं. मुलांच्या घरीच खिडक्या झाकून, दिवे मंद करून, दर अर्ध्या तासानं मुलांना कापसाची वळी चघळायला द्यायची. एवढ्याशा पोरांकडून सहा तास हे करवून घेणाऱ्यांना माझा दंडवत. सरासरी वेळ निघाली संध्याकाळी ७:४०, आणि मुलं झोपली त्यानंतर साधारण तासाभरानं. ज्यांना दवंडीच्या फार जवळ किंवा तिच्याही आधी आडवं केलं होतं, ती झोपायला जास्त वेळ घेत होती आणि जास्त कटकटही करत होती. म्हणजे मज्जावाच्या काळात त्यांना अंधारात डांबलं होतं. भाचीकडेही तेच चाललं असावं, फक्त तिथली दवंडी आणखी उशिराची.

उशिराची का? छताकडे पाहिलं. पांढरीफटक एलईडी ट्यूब, खाली टीव्ही. याच गटानं २०१८ साली तीन ते पाच वर्षांच्या १० मुलांना झोपेआधी तासभर १००० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) उजेडाच्या टेबलावर चित्रं रंगवायला दिली. मेलाटोनिन सुमारे ८८ टक्के दबलं आणि दिवा बंद करून ५० मिनिटं झाली तरी बहुतेकांचं वर आलं नव्हतं. लहानांचं डोळ्यातलं भिंग नितळ आणि बाहुली मोठी, त्यामुळे आपल्यापेक्षा जास्त उजेड आत जातो. आपल्या ट्यूबचा उजेड १००० लक्स नसतो, हे कबूल. पण पुढच्या प्रयोगांत त्याहून बऱ्याच मंद उजेडानंही मेलाटोनिन दबलेलं दिसलं.

मग मेलाटोनिनची जेलीच का देऊ नये? ऑनलाइन मिळते की! अमेरिकेत अशा २५ जेली तपासल्या, तेव्हा २२ डब्यांवरचं प्रमाण चुकीचं निघालं, एकात तर मेलाटोनिनच नव्हतं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पोराला हे देऊ नका. एकेकाळी मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्यांना बाळागोळी देत, आणि तिच्यात अफू असे. झोपवण्याची घाई जुनीच आहे. त्या मानानं मीठ-मोहऱ्या निरुपद्रवी. फक्त दृष्ट काढताना ट्यूब मालवा, काही फायदा झालाच तर त्यानं होईल.

एवढं झालं की उरते केसांची बट. सगळीच मुलं रात्रीतून अनेकदा जागी होतात. झोपेचं एक चक्र संपून दुसरं सुरू होताना क्षणभर पृष्ठभागावर येतात. टॉम अँडर्स यांनी १९७०च्या दशकात रात्रभर चित्रण केलं, तेव्हा 'आमचं बाळ सलग झोपतं' म्हणणाऱ्यांची बाळंही जागी होताना दिसली. ती हाक न मारता परत झोपत, एवढाच फरक. झोपताना हातात बट होती आणि मध्यरात्री ती नाही, तर पोर बोंब ठोकणारच. आपणही रात्री उशी गायब झाली तर शोधतोच की.

ही सवय कशी सुटते, याची सर्वांत गाजलेली नोंद १९५९ची, मानसशास्त्रज्ञ कार्ल विल्यम्स यांची. २१ महिन्यांचा मुलगा, आजारातून उठलेला, रोज अर्धा ते दोन तास कोणीतरी शेजारी बसल्याशिवाय झोपत नसे. मग त्याला निजवून खोलीबाहेर पडायचं आणि परत जायचं नाही, असं ठरलं. पहिल्या रात्री तो ४५ मिनिटं रडला. दहाव्या वेळेपर्यंत, आईवडील बाहेर पडताना तो हसत होता. आठवड्यानं त्याच्या आंटीनं त्याला निजवलं, तो किंचाळला, ती परत जाऊन बसली, आणि सगळं मुसळ केरात. (मावशी, आत्या की काकू, इंग्रजीत कळत नाही.) पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. कधी तरी मिळणारं बक्षीस नेहमी मिळणाऱ्यापेक्षा चिवट सवय लावतं, हे कबुतरांवर आधीच दिसलं होतं.

दार लावून ४५ मिनिटं रडू देणं भाचीच्या वन बीएचकेत शक्य नाही, आणि मला ते पटतही नाही. शिवाय एकटं झोपायला वेगळी खोली कशाला हवी? आईच्या शेजारी, पण आईला न धरता, एवढं पुरे. तिला मी दुसरा मार्ग सुचवला, वेळ सरकवण्याचा. पोर प्रत्यक्षात सव्वादहाला झोपतं ना, मग त्याला दहालाच गादीवर न्या. सकाळी सातला उठवाच, दुपारची झोप तीनला संपवा, साडेआठनंतर फक्त पिवळा दिवा. दाब भरपूर, दार उघडं, त्यामुळे बट लागायच्या आतच झोप लागते. मग तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे. अ‍ॅडलेडमधल्या ४३ बाळांच्या २०१६च्या अभ्यासात असा मार्ग घेणाऱ्यांची बाळं लवकर झोपू लागली आणि त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढलेलं नव्हतं. अभ्यास छोटा होता आणि बाळं वयानं आणखी लहान, पण दिशा मला पटते. पोर घोरत असेल किंवा झोपेत त्याचा श्वास अडकत असेल, तर मात्र आधी डॉक्टर.

परवा भाचीचा फोन आला. गाडी सव्वानऊवर आली आहे. बटेच्या जागी आता तिच्या जुन्या ओढणीचं टोक आहे. गणपतीला तिची आई, म्हणजे माझी ताई, आठ दिवस राहायला येणार आहे आणि 'मीच त्याला मांडीवर घेऊन झोपवणार' असं तिनं आत्ताच जाहीर केलं आहे. भाचीला मी विल्यम्सच्या आंटीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मामा, हे तूच सांग आईला." अजून माझं धाडस झालेलं नाही.