वूकॉमर्सच्या ऑर्डर्स एपीआयने काढताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ऑर्डर्स थोड्या असतील तर डॅशबोर्डची यादी पुरते. महिन्याचा हिशेब जुळवायचा असेल, पाठवायच्या मालाची यादी रोज गोदामाला द्यायची असेल किंवा ऑर्डर्स दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायच्या असतील, तर एपीआय (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडून थेट माहिती मागण्याची सोय) वापरलेला बरा. खालची माहिती वूकॉमर्सच्या (वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) दुकानासाठी आहे आणि टूल म्हणून पोस्टमन (एपीआयला रिक्वेस्ट पाठवण्याचे सॉफ्टवेअर) धरले आहे. दुसरे टूल असले तरी प्रश्न तेच येतात.

आधी एक सूचना. या पत्रकात पॅरामीटरची (रिक्वेस्टसोबत द्यायच्या अटींची) नावे आणि आकडे देवनागरीत छापले आहेत. टूलमध्ये दोन्ही इंग्रजीतच टाइप करा. इथून कॉपी करून चिकटवलेला देवनागरी आकडा सर्व्हरला आकडा वाटत नाही आणि ४०० क्रमांकाची चूक येते. नावातली खालची रेघ (पर_पेज) आणि मधली रेघ (ऑन-होल्ड) यांतही गल्लत करू नका.

किल्ली काढणे

वूकॉमर्स, सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड, रेस्ट एपीआय, अ‍ॅड की. परवानगी फक्त 'रीड' द्या. ऑर्डर्स वाचायला त्याहून जास्त लागत नाही आणि 'रीड-राइट' किल्ली चुकीच्या हाती पडली तर ऑर्डर्स बदलता आणि पुसताही येतात. किल्ली ज्या युजरच्या नावावर काढाल, त्याला ऑर्डर्स पाहण्याचा अधिकार हवा (शॉप मॅनेजर किंवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर). 'सीके_' ने सुरू होणारी किल्ली आणि 'सीएस_' ने सुरू होणारे सीक्रेट मिळते. सीक्रेट एकदाच दिसते. पान बंद केले की नवीन किल्ली काढण्यावाचून इलाज नाही.

पोस्टमनमध्ये नवी 'गेट' रिक्वेस्ट उघडा. पत्ता : एचटीटीपीएससकट दुकानाचे डोमेन आणि त्यापुढे /डब्ल्यूपी-जेसन/डब्ल्यूसी/व्ही३/ऑर्डर्स. ऑथरायझेशनमध्ये 'बेसिक ऑथ' निवडा, युजरनेमच्या जागी किल्ली, पासवर्डच्या जागी सीक्रेट. सेंड दाबा.

फक्त दहाच ऑर्डर्स का आल्या?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. बिघाड काहीच नाही. काही सांगितले नाही तर एपीआय एका पानावर १० ऑर्डर्स देते. 'पर_पेज' मध्ये १०० पर्यंत मागता येतात. १०१ टाकले तर १०० येत नाहीत, थेट ४०० ची चूक येते.

उत्तरासोबत आलेल्या हेडर्सचा (उत्तराबद्दलच्या माहितीचा) टॅब उघडा. 'एक्स-डब्ल्यूपी-टोटल' म्हणजे फिल्टरमध्ये बसणाऱ्या एकूण ऑर्डर्स, 'एक्स-डब्ल्यूपी-टोटलपेजेस' म्हणजे पाने. टोटल २३७ असेल आणि पर_पेज १००, तर 'पेज' १, २, ३ असे तीनदा मागा : १००, १०० आणि ३७. हातात आलेल्या ऑर्डर्स मोजून टोटलशी ताडा. हे केल्याशिवाय पुढची बेरीज करू नका.

नेहमीचा क्रम नवी ऑर्डर आधी असा असतो. तुम्ही पहिले पान वाचून दुसरे मागेपर्यंत एक नवी ऑर्डर आली, तर सगळी यादी एका घराने खाली सरकते आणि पहिल्या पानावरची शेवटची ऑर्डर दुसऱ्या पानावर पुन्हा दिसते. म्हणून 'ऑर्डरबाय' ला आयडी द्या, 'ऑर्डर' ला एएससी (लहान आकडा आधी), आणि 'बिफोर' मध्ये शेवटची वेळ पक्की करा. तरीही स्टेटसवर गाळत असाल तर वाचता वाचता एखाद्या ऑर्डरचे स्टेटस बदलून पुढच्या ऑर्डर्स मागच्या, वाचून झालेल्या पानावर सरकू शकतात. मोठी यादी काढायची असेल तर स्टेटस न लावता सगळे आणा आणि आपल्याकडे गाळा, हे आम्हांला जास्त भरवशाचे वाटते.

तारीख

एप्रिल २०२५ च्या ऑर्डर्स हव्यात. 'आफ्टर' मध्ये २०२५-०४-०१टी००:००:०० टाकले की वाटते झाले, पण आफ्टर म्हणजे त्या क्षणानंतरचे. बरोबर मध्यरात्रीच्या ठोक्यावर आलेली ऑर्डर सुटते. आफ्टरला २०२५-०३-३१टी२३:५९:५९ आणि बिफोरला २०२५-०५-०१टी००:००:०० द्या. मधले अक्षर 'टी' इंग्रजी कॅपिटल. ही वेळ दुकानाच्या सेटिंगमधल्या टाइमझोनप्रमाणे धरली जाते. जीएमटीप्रमाणे हवी असेल तर 'डेट्स_आर_जीएमटी' ला ट्रू द्या. सेटिंगमधला टाइमझोन मुळातच चुकीचा असेल तर रात्री उशिराच्या किंवा पहाटेच्या ऑर्डर्स शेजारच्या तारखेला जाऊन बसतात, म्हणून तो आधी तपासा.

आफ्टर-बिफोर ऑर्डर कधी नोंदवली ते पाहतात. पैसे कधी आले याचे गाळणे या यादीत नाही. ते उत्तरातल्या 'डेट_पेड' (पैसे आल्याची तारीख) वरून आपणच करायचे. रोज फक्त बदललेल्या ऑर्डर्स ओढायच्या असतील तर 'मॉडिफाइड_आफ्टर' वापरा, नाहीतर गेल्या महिन्यातली ऑर्डर आज रद्द झाली ते तुमच्या सॉफ्टवेअरला कळणारच नाही.

स्टेटस वाचताना

पेंडिंग म्हणजे पैसे यायचे आहेत. ऑन-होल्ड म्हणजे बँक ट्रान्सफरसारख्या पैशांची खातरजमा व्हायची आहे. प्रोसेसिंग म्हणजे माल पाठवायचा आहे. इथे बरेच जण फसतात : कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर पैसे न येताच प्रोसेसिंगला जाते आणि कम्प्लीटेड होईपर्यंत तिची डेट_पेड रिकामी असते. प्रोसेसिंगची बेरीज म्हणजे जमा रक्कम नव्हे. दोन स्टेटस एकदम हवी असतील तर मध्ये स्वल्पविराम : प्रोसेसिंग,कम्प्लीटेड.

रिफंडचेही तसेच. पूर्ण पैसे परत केले तरच स्टेटस रिफंडेड होते. थोडी रक्कम परत केली तर स्टेटस बदलत नाही आणि ऑर्डरच्या 'टोटल' मध्ये (एकूण रकमेत) मूळ आकडाच राहतो. परत केलेली रक्कम 'रिफंड्स' या यादीत वजा चिन्हासह असते. ती टोटलमध्ये मिळवल्याशिवाय खरी विक्री कळत नाही.

'प्रॉडक्ट' आणि 'कस्टमर' या फिल्टरना नाव चालत नाही, आयडी लागतो. खाते न उघडता खरेदी करणाऱ्या सगळ्यांचा कस्टमर आयडी शून्य असतो. अशा गिऱ्हाइकाची ऑर्डर 'सर्च' मध्ये ईमेल टाकून शोधा. पेमेंटच्या पद्धतीवर गाळण्याची सोय नाही. ते 'पेमेंट_मेथड' पाहून एक्सेलमध्ये करा.

एक्सेलमध्ये नेल्यावर

टोटल मजकूर म्हणून येते, आकडा म्हणून नाही. तसाच मोठ्यापासून लहानाकडे क्रम लावला तर ९०० हे १२५० च्या वर बसते. कॉलम आधी नंबरमध्ये बदला. उलट फोन नंबरचा कॉलम टेक्स्टच ठेवा, नाहीतर सुरुवातीचे शून्य जाते.

'लाइन_आयटम्स' (ऑर्डरमधल्या वस्तूंची यादी) उलगडताना जास्त जपा. १८०० ची एक ऑर्डर, तिच्यात तीन वस्तू : उलगडल्यावर तीन ओळी होतात आणि तिन्हींसमोर १८०० येतात. कॉलमची बेरीज ५४०० दाखवते. ऑर्डर्सची एक शीट आणि वस्तूंची दुसरी शीट ठेवा, दुवा ऑर्डर आयडीचा.

ऑर्डर नंबरमध्ये मधले आकडे गाळलेले दिसले म्हणजे ऑर्डर हरवली असे नाही. वर्डप्रेसमधली पाने, फोटो, उत्पादने आणि ऑर्डर्स एकाच क्रमातून आकडे घेतात.

चूक आली तर

४०१ : किल्ली किंवा सीक्रेट अर्धवट कॉपी झाले, पत्ता एचटीटीपीएस नाही, किंवा होस्टिंगचा सर्व्हर ऑथरायझेशन हेडर पुढे जाऊच देत नाही. किल्ली बरोबर असूनही ४०१ येत राहिले तर होस्टिंगवाल्यांना हेच विचारा. किल्ली पत्त्यातच जोडण्याचा शॉर्टकट चालतो, पण मग ती सर्व्हरच्या लॉगमध्ये उतरते. आम्ही तो सुचवत नाही.

४०३ : किल्लीच्या युजरला ऑर्डर्सचा अधिकार नाही.

४०४ : बहुधा वर्डप्रेसमधले पर्मालिंक (पानांच्या पत्त्यांची रचना) 'प्लेन' वर आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन 'पोस्ट नेम' करा.

५०० किंवा ५०४ : सर्व्हरला ओझे झाले. पर_पेज ५० वर आणा आणि '_फील्ड्स' मध्ये लागतील तेवढीच नावे द्या : आयडी, नंबर, डेट_क्रिएटेड, स्टेटस, टोटल. उत्तर बरेच हलके होते, शिवाय गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर विनाकारण फिरत नाहीत.

शॉपिफाय या दुसऱ्या ऑनलाइन दुकान-सेवेवरचे दुकान असेल तर वरचे आकडे तसेच लावू नका. तिथल्या रेस्ट एपीआयमध्ये एका पानावर ५० ऑर्डर्स येतात, जास्तीत जास्त २५०. काही न सांगता फक्त ओपन ऑर्डर्स मिळतात, म्हणून 'स्टेटस' ला एनी द्यावे लागते. ६० दिवसांपूर्वीच्या ऑर्डर्ससाठी वेगळी परवानगी लागते. पुढचे पान आकड्याने नव्हे, तर 'लिंक' हेडरमध्ये आलेल्या दुव्याने मागायचे.

मदतीसाठी आम्हांला लिहिताना चुकीचा क्रमांक, रिक्वेस्टचा पत्ता आणि उत्तराच्या पहिल्या दोन ओळी पाठवा. किल्ली आणि सीक्रेट पाठवू नका. स्क्रीनशॉटमध्ये ते दिसत असतील तर आधी झाका, आणि चुकून पाठवलेच असतील तर ती किल्ली लगेच 'रिव्होक' (रद्द) करून नवी काढा.