फ्लाय फिशिंग आणि कोकणातले गरवणारे

फ्लाय फिशिंग : पिसे, लोकर, केस आणि दोरा गुंडाळून कीटकासारखी बनवलेली गरी (गळ) जड दोरीच्या जोरावर फेकून मासा पकडण्याची पद्धत. ही कृत्रिम माशी मुख्यतः थंड, वाहत्या पाण्यातल्या ट्राउट या माशासाठी वापरतात. कोकणातल्या नद्यांत ट्राउट नाही. त्यामुळे रत्नागिरी-मालवणकडच्या गरवणाऱ्याची या पद्धतीशी गाठ पडते ती बहुधा परदेशात, मुलाकडे चार महिने राहायला गेल्यावर किंवा नोकरीच्या गावाजवळ नदी निघाली म्हणून. ही नोंद अशा वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

कोकणात गरीने मासे पकडण्याला गरवणे म्हणतात. हातात बांबूची काठी किंवा नुसता तंगूस (नायलॉनचा दोरा), टोकाला गरी, तिच्या थोडे वर शिशाची गोळी आणि गरीला कोळंबीचा तुकडा नाहीतर गांडूळ. भरतीचे पाणी खाडीत चढू लागले की धक्क्यावर माणसे बसतात. काळुंदर, शिंगाळा, तांबोशी मिळते. नशीब असेल तर जिताडा. या सगळ्यात वजन टोकाला असते. शिसे उडते आणि तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. आमिषही खरे असते, त्याच्या वासाने मासा येतो. फ्लाय फिशिंगमध्ये या दोन्ही गोष्टी उलट होतात. टोकाच्या माशीला वजन जवळजवळ नसते आणि तिला वासही नसतो.

वजन असते दोरीत. ही दोरी जाड, प्लॅस्टिकचा थर दिलेली आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली असते. पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून तिला क्रमांक देतात. ट्राउटसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ५ क्रमांकाच्या दोरीचे हे वजन सुमारे ९ ग्रॅम भरते. तिच्या जोडीला साधारण ९ फुटांची लवचीक काठी लागते. दोरीच्या पुढे तितक्याच लांबीचा, निमुळता होत जाणारा तंगूस जोडतात आणि त्याचा शेवटचा धागा ०.१५ मिलिमीटरच्या आसपास बारीक असतो. काठी मागे नेली की दोरी पाठीमागे हवेत उलगडते. ती पुरती सरळ होईपर्यंत थांबायचे आणि मगच काठी पुढे आणायची. त्या क्षणभराच्या थांबण्यावर सगळी फेक अवलंबून आहे. शिशाची सवय असलेला हात घाई करतो, जोर लावतो, आणि दोरीचा गुंता डोक्यावर येऊन पडतो. ज्याने पाग (हाताने फेकायचे गोल जाळे) टाकला आहे त्याला मात्र ही गोष्ट लवकर कळते. पागही ताकदीने गोल उघडत नाही. अंगाला झोका देऊन योग्य क्षणी हात सुटला तरच तो उघडतो. गरवणाऱ्यापेक्षा पागणारा माणूस ही फेक लवकर शिकेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जपानच्या डोंगरी ओढ्यांवर तेनकारा नावाची जुनी पद्धत चालते. तिच्यात दोरी गुंडाळायचे रीळ नसते. लांब काठीच्या शेंड्याला दोरी बांधलेली आणि दोरीच्या टोकाला माशी, एवढेच. आपल्या बांबूच्या काठीची ती सख्खी बहीण शोभते. पहिल्यांदा शिकणाऱ्याने तिच्यापासून सुरुवात केली तर खर्चही कमी होतो.

फेक जमली तरी अर्धेच काम झाले. माशी कोणती बांधायची हे नदी ठरवते. मेफ्लाय, कॅडिस आणि स्टोनफ्लाय हे ट्राउटच्या नद्यांमधले तीन मुख्य कीटकगट. मेफ्लायची अळी नदीच्या तळाशी दगडांखाली अनेक महिने, पुष्कळदा वर्षभर काढते. मग ती पृष्ठभागावर येते, कात टाकते, आणि पंख फुटलेला कीटक हवेत उडतो. प्रौढ मेफ्लायला खाण्याजोगे तोंडच नसते. काही तासांत, फार तर एकदोन दिवसांत अंडी घालून ती मरते. अशा हजारो माश्या एकाच संध्याकाळी पाण्यावर उतरल्या की ट्राउट भान हरपून वर येतात. कोकणातल्या वाचकाला हे दृश्य परके वाटू नये. मृगाच्या पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळवीची झुंबड दिव्याभोवती उठते. जी ओढ्यात पडते तिच्यावर छोटे मासे तुटून पडतात. फरक इतकाच की ट्राउटच्या नदीवर हे कमीजास्त प्रमाणात हंगामभर चालू असते, आणि आज कोणता कीटक, कोणत्या अवस्थेतला, किती आकाराचा हे पाहून त्याच्यासारखी माशी बांधावी लागते. पाण्यावर तरंगणाऱ्या माशीला ड्राय फ्लाय म्हणतात, तर तळाजवळून वाहत जाणाऱ्या अळीच्या नकलेला निम्फ. लहान माशाची नक्कल करणारी लांबट माशी म्हणजे स्ट्रीमर. माशी तरंगावी म्हणून कोंबड्याच्या मानेची ताठ पिसे वापरतात. निम्फच्या अंगाला मोरपिसाचे तंतू गुंडाळतात, कारण त्यांची हिरवी-तांबूस चमक पाण्यात जिवंत दिसते.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी उभा राहतो. दगडाच्या आडोशाला, किंवा वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना लागते त्या शिवणीवर त्याला कमी श्रमात खाणे मिळते. माशी त्याच्यापासून थोडी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकून पाण्याच्या वेगाने त्याच्यापर्यंत वाहत येऊ द्यायची असते. मधला प्रवाह जोराचा असला तर तो दोरी ओढतो आणि माशी पाण्यावर रेघ काढत सरकते. खरा कीटक सहसा तसा सरकत नाही, म्हणून ट्राउट तिला तोंड लावत नाही. पाण्यावर पडलेली दोरी हलकेच उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकली की माशीला पुन्हा मोकळीक मिळते. या पद्धतीचा गाभा इथे आहे. ओहोटीचे पाणी तंगूस कसे ओढून नेते हे ज्याने हाताला जाणवून घेतले आहे, त्याचे हे शिक्षण निम्मे झालेले असते.

इतिहास थोडक्यात असा : मॅसिडोनियातले लोक गरीला तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधून ठिपकेदार मासे पकडत, अशी नोंद रोमन लेखक एलियन याने इसवी सनाच्या २००च्या सुमारास केली. पुढे इंग्लंडमध्ये या पद्धतीला शिस्त आली. इंग्रज जिथे गेले तिथे त्यांनी ट्राउटही नेला. १८६४ साली त्याची अंडी बर्फात आणि शेवाळात ठेवून जहाजाने टास्मानियात पोहोचवली गेली, आणि तिथून १८६७ साली ब्राउन ट्राउट न्यूझीलंडमध्ये आला. काश्मीरमध्ये १९०० साली स्कॉटलंडची अंडी आली. हिमाचल, निलगिरी आणि मुन्नार इथेही त्याच काळात प्रयत्न झाले. ब्राउन ट्राउट मूळचा युरोप आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातला. रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा आणि कामचत्काचा. दोघांनाही १० ते १८ अंश सेल्सिअसचे, प्राणवायूने भरलेले पाणी मानवते. २० अंशांच्या वर त्यांना त्रास होतो आणि २५च्या आसपास जगणे कठीण होते. वाशिष्ठी किंवा शास्त्री सह्याद्रीवरून उतरून थोड्या अंतरात समुद्राला मिळते. पावसात ती लोंढा होते आणि उन्हाळ्यात कोमट डोहांची माळ. तिथे ट्राउट तगणार नाही. परदेशी जाण्याआधी हात बसवायचा असेल तर हिमाचलची तीर्थन नदी किंवा काश्मीर ही आपल्याच देशातली चांगली शाळा आहे.

परदेशात सर्वांत आधी परवाना. धक्क्यावर जाऊन बसले की झाले, ही कोकणातली मोकळीक तिकडे जवळजवळ कुठेच नाही. इंग्लंडमध्ये १३ वर्षे आणि त्यापुढील प्रत्येकाला सरकारी रॉड लायसन्स लागते, आणि त्याशिवाय त्या काठाच्या मालकाची परवानगी. हॅम्पशरमधल्या टेस्ट आणि इचेन या चुनखडीतून झिरपून आलेल्या निर्मळ नद्यांवर तर काठाचा तुकडान् तुकडा कुणाच्या तरी मालकीचा आहे. स्कॉटलंडमध्ये सरकारी परवाना नाही, पण मालकाची परवानगी हवीच. ब्राउन ट्राउटचा हंगाम १५ मार्च ते ६ ऑक्टोबर. जर्मनीत सर्वसाधारणपणे परीक्षा देऊन परवाना मिळतो, काही राज्ये पर्यटकांना अल्पमुदतीचा देतात. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे लायसन्स वेगळे आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचे त्याहून वेगळे. मोंटानाचा कायदा विशेष आहे. काठ खाजगी असला तरी सार्वजनिक वाटेने नदीत उतरून भरपाण्याच्या रेषेखालून चालण्याचा हक्क तिथे सर्वांना आहे. स्लोव्हेनियातल्या सोचा नदीचे टप्पे स्थानिक मत्स्यसंघांकडे आहेत आणि दिवसाचा परवाना त्यांच्याकडून घ्यावा लागतो. संगमरवरासारखी नक्षी असलेला मार्बल ट्राउट हा तिथला मूळचा मासा. बाहेरून आणून सोडलेल्या ब्राउन ट्राउटशी संकर होऊन तो नाहीसा होत चालला होता. दुर्गम ओढ्यांत उरलेल्या शुद्ध वाणावरून त्याची पैदास पुन्हा वाढवण्यात आली.

न्यूझीलंडबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तिथले नियम नदी जपण्याच्या विचारातून आले आहेत. बहुतेक नद्यांचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल असतो आणि तौपो सरोवराच्या परिसराला स्वतंत्र परवाना लागतो. ट्राउट पकडून घरी खाता येतो; विकणे किंवा विकत घेणे मात्र बेकायदा आहे, त्यामुळे बाजारात तो दिसतच नाही. २००४ साली साउथलंडच्या वायाऊ नदीत डिडिमो हे शेवाळ सापडले. ते नदीचा तळ चिकट गालिच्यासारखा झाकून टाकते आणि ओल्या बुटाला लागून पुढच्या नदीत पोहोचते. म्हणून २००८ साली नमद्याच्या तळाचे बूट वापरायला बंदी घालण्यात आली, आणि एका नदीतून दुसरीत जाताना सामान तपासणे, धुणे, वाळवणे बंधनकारक मानतात. विमानतळावर वापरलेली काठी, बूट आणि पिसांच्या माश्या जाहीर कराव्या लागतात. बुटाला चिखल असेल तर निघण्यापूर्वी घरीच धुऊन वाळवावा. हा जाच समजू नये. ज्यांच्या नद्या अजून आरशासारख्या आहेत ते लोक एवढी काळजी घेतात म्हणूनच त्या तशा आहेत.

पकडलेला मासा परत सोडायचा, हे कोकणी मनाला प्रथम पटत नाही. मासा म्हणजे कालवण. पण अनेक नद्यांवर सोडणे सक्तीचे असते. त्यासाठी टोकाजवळ उलटा काटा नसलेली गरी वापरायची, हात ओले करून मासा धरायचा म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर जात नाही, आणि त्याला शक्यतो पाण्यातच ठेवायचे. याबाबत सगळ्या देशांचे एकमत नाही. स्वित्झर्लंडमध्ये सोडण्याच्याच हेतूने मासा पकडणे २००९ पासून निषिद्ध आहे, कारण खायचे नसेल तर त्याला इजा का करावी, असा तिथला विचार. आपल्याकडे याहून जुना, तिसरा मार्ग आहे. महाडजवळ काळ नदीवरचा वाळणकोंड आणि वाडा तालुक्यात वैतरणेवरचे तिळसे इथे डोहातले मासे देवाचे मानले जातात. कुणी गरी टाकत नाही, लोक चुरमुरे टाकतात. गोड्या पाण्याचा राजा म्हणावा असा महसीर या डोहांत टिकला, याचे श्रेय या श्रद्धेला द्यावे लागते.

परदेशातून आणलेली काठी कोकणात निरुपयोगी ठरत नाही. जिताडा स्ट्रीमरवर येतो. ऑस्ट्रेलियात तो याच पद्धतीने आवडीने पकडतात. ५ क्रमांकाची काठी त्याला अपुरी पडते, ८ किंवा ९ क्रमांकाची हवी आणि शेवटचा धागाही जाड हवा, कारण जिताड्याच्या गालफडाची कड सुरीसारखी धारदार असते. ओहोटीला कांदळवनातले पाणी चिंचोळ्या वाटेने खाडीत उतरते, त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासे बाहेर येतात. त्या तोंडाशी जिताडा दबा धरून असतो. तिथे स्ट्रीमर प्रवाहाला आडवी टाकून थांबत थांबत ओढावी. घरी आल्यावर काठी, रीळ आणि दोरी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी, नाहीतर खारे पाणी रिळाची चाके गंजवून टाकते.