प्रेस बॉक्सच्या दाराबाहेर

दरवर्षी १५ एप्रिलला अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचे सगळे खेळाडू एकाच क्रमांकाचा शर्ट घालून खेळतात, ४२ क्रमांकाचा. १९४७ साली याच तारखेला, हाच क्रमांक घालून, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून पहिल्यांदा मैदानात उतरला, आणि कित्येक दशकं कृष्णवर्णीयांना बंद असलेलं मेजर लीगचं दार उघडलं. संघाचे सूत्रधार ब्रँच रिकी यांनी धाडस दाखवलं, रॉबिन्सनने शिवीगाळ गिळून खेळून दाखवलं, अशी ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचते. ती खोटी नाही, अपुरी आहे. त्याआधी दहाएक वर्षं काही पत्रकार हे दार ठोठावत होते. त्यातले बहुतेक स्वतःही कृष्णवर्णीय होते.

दार मुळात बंद कधी झालं? १८८४मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर टोलेडोकडून मेजर लीगमध्ये खेळला होता. पण कॅप अ‍ॅन्सनसारखे त्या काळचे बडे खेळाडू कृष्णवर्णीयांसोबत खेळायला नकार देत, आणि १८८७मध्ये इंटरनॅशनल लीग या दुय्यम लीगने यापुढे त्यांच्याशी नवे करार करायचे नाहीत असं ठरवलं. मेजर लीगमध्ये तर कागदावर काहीच नव्हतं, फक्त मालकामालकांतली समजूत. ही फार सोयीची गोष्ट होती. १९४२मध्ये मेजर लीगचे प्रमुख, कमिशनर लँडिस यांनी बिनदिक्कत सांगितलं, की कृष्णवर्णीयांना मनाई करणारा नियमच अस्तित्वात नाही. नसलेला नियम बदलायचा तरी कसा?

मोठ्या दैनिकांचे क्रीडावार्ताहर या समजुतीबद्दल सहसा लिहीत नसत. ‘स्पोर्टिंग न्यूज’ या बेसबॉलच्या मातब्बर साप्ताहिकाने त्याच वर्षी हा प्रश्न उकरून काढण्यात कुणाचंच भलं नाही, असा अग्रलेख लिहिला. लिहिणारे होते ते कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांत, ‘पिट्सबर्ग कुरियर’, ‘बाल्टिमोर आफ्रो-अमेरिकन’, ‘शिकागो डिफेंडर’मध्ये. गोऱ्यांमध्ये ठळक नाव लेस्टर रॉडनी यांचं, तेही कम्युनिस्टांच्या ‘डेली वर्कर’मधलं. त्यामुळे ‘हा सगळा कम्युनिस्टांचा कावा’ म्हणायला विरोधकांना आयतं निमित्त मिळालं.

कुरियरच्या वेंडेल स्मिथला हा प्रश्न अंगावरून गेलेला होता. डेट्रॉइटमध्ये शाळकरी वयात त्याने पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून एक सामना १-० असा जिंकून दिला. सामन्यानंतर तिथे आलेल्या स्काउटने, म्हणजे नवे खेळाडू हेरणाऱ्याने, करार केला तो त्याच्या संघातल्या गोऱ्या कॅचरशी आणि हरलेल्या संघाच्या पिचरशी. तुलाही घेतलं असतं, पण घेता येत नाही, असं स्मिथला सांगण्यात आलं. तेव्हाच त्याने लेखणी धरायचं ठरवलं.

१९३९मध्ये नॅशनल लीगचे (मेजर लीगच्या दोन लीगांपैकी एक) अध्यक्ष फोर्ड फ्रिक म्हणाले, की मालकांची हरकत नाही, पण खेळाडू आणि प्रेक्षक तयार नाहीत. स्मिथने सरळ खेळाडूंनाच विचारलं. पिट्सबर्गला पाहुणे संघ यायचे, त्यांना गाठून लीगचे आठही मॅनेजर आणि चाळीसएक खेळाडूंच्या मुलाखती त्याने छापल्या. बहुसंख्यांना काहीच अडचण नव्हती. माझ्या मते या लढ्यातलं हे सगळ्यात पक्कं काम. नुसतं आवाहन करून न थांबता त्याने समोरच्याची सबबच काढून घेतली.

मग आला एप्रिल १९४५. बोस्टनमध्ये रविवारी सामने खेळवायला नगर परिषदेची परवानगी लागे. कृष्णवर्णीयांना संधी दिली नाही तर तीच अडवायची धमकी इसाडोर मुचनिक या नगरसेवकाने दिली. स्मिथने रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्विन विल्यम्स यांना चाचणीसाठी तिथे नेलं. तिघांनी फटके मारून दाखवले, बोस्टनच्या रेड सॉक्स संघाने पुन्हा विचारलंही नाही. (त्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला तो १९५९मध्ये, सगळ्या संघांच्या शेवटी.) परतीच्या वाटेवर स्मिथ ब्रुकलिनला रिकींना भेटला आणि रॉबिन्सनचं नाव सुचवलं. रिकी तेव्हा कृष्णवर्णीयांचा एक वेगळा संघ काढतोय असं भासवून गुपचूप खेळाडू शोधत होते. ऑक्टोबरमध्ये माँट्रियल या दुय्यम संघासाठी रॉबिन्सनचा करार जाहीर झाला.

१९४६च्या हंगामापूर्वीच्या सरावात स्मिथ रॉबिन्सनसोबत फ्लोरिडात राहिला. उतरायची जागा शोधणं, गाडीतून नेणं-आणणं, सॅनफर्डमध्ये धमक्या आल्यावर रातोरात गाव सोडणं, सगळं त्याच्याच अंगावर. या कामाचे आठवड्याला ५० डॉलर रिकी त्याला देत. पुढे तो कुरियरमध्ये रॉबिन्सनच्या नावाने स्तंभही लिहू लागला. आजच्या पत्रकारितेच्या वर्गात हे चालणार नाही. पण ज्या गावात वार्ताहर आणि खेळाडू दोघांनाही एकाच हॉटेलातून हाकलतात, तिथे अंतर राखायचं ते कुणापासून?

प्रेस बॉक्समध्ये, म्हणजे मैदानातल्या वार्ताहरांच्या कक्षातही, हीच गत. बेसबॉल लेखक संघटनेचं कार्ड नाही म्हणून आत प्रवेश नाही, आणि कार्ड फक्त दैनिकवाल्यांना. कृष्णवर्णीयांची बहुतेक पत्रं साप्ताहिकं. न्यू ऑर्लिन्समध्ये आफ्रो-अमेरिकनचे सॅम लेसी प्रेस बॉक्सच्या छतावर खुर्ची टाकून बसले, तेव्हा न्यूयॉर्कचे काही गोरे वार्ताहरही वर जाऊन त्यांच्याशेजारी बसले. १९४८मध्ये लेसी आणि स्मिथ दोघांनाही सदस्यत्व मिळालं.

स्मिथ तोवर शिकागोच्या दैनिकात गेला होता. जानेवारी १९६१मध्ये त्याने पुन्हा जुनाच विषय काढला: रॉबिन्सनला १४ वर्षं होत आली, तरी फ्लोरिडातल्या सराव शिबिरांत कृष्णवर्णीय खेळाडूंना सहकाऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नाही. स्टार खेळाडूसुद्धा वेगळ्या वस्तीत, मिळेल त्या घरी उतरत. स्मिथ लिहीत राहिला. शेवटी शिकागो व्हाइट सॉक्सच्या मालकाने सारासोटातलं एक हॉटेलच विकत घेतलं आणि सगळा संघ एका छपराखाली आणला.