ग्रीनची पवनचक्की

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहराच्या स्नेंटन भागात टेकडीवर उभी असलेली, विटांच्या बुरुजाची पीठगिरणी. नॉटिंगहॅममधील बेकरीवाले जॉर्ज ग्रीन यांनी ती १८०७ मध्ये बांधली. त्यांच्याच नावाच्या मुलामुळे (१७९३–१८४१) ती गणिताच्या इतिहासात जाऊन बसली. अभियांत्रिकीच्या मुलांना घाम फोडणारे ‘ग्रीनचे प्रमेय’ या मुलाचे.

इंग्लंडात पवनचक्क्यांचे लेखी उल्लेख बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिळतात. त्या गिरण्या खांबी होत्या. सगळे लाकडी घरच एका जाड खांबावर तोललेले असे. वारा फिरला की गिरणीवाला मागचा लांब दांडा ढकलून जात्यांसकट ते घर वळवी. बुरुजी गिरणीत फक्त माथ्यावरची टोपी फिरते. स्नेंटनच्या टोपीमागे मोठ्या पात्यांशी काटकोनात एक लहान पंखा आहे. या युक्तीचे पेटंट एडमंड ली यांनी १७४५ मध्ये घेतले. मोठी पाती वाऱ्याला थेट सामोरी असली की हा पंखा स्वस्थ असतो; वारा तिरका झाला की तो फिरू लागतो आणि दातेरी चाकांच्या साखळीतून टोपीला हळूहळू वळवतो. पाती पुन्हा वाऱ्यासमोर आली की आपणच थांबतो. माणसाने हात लावायचा नाही.

पात्यांच्या आसावर एक मोठे दातेरी चाक असते. त्याच्याभोवती ब्रेक आवळून गिरणी थांबवतात, आणि तेच बुरुजाच्या मध्यातील उभ्या खांबाला फिरवते. खांबावरचे खालचे चाक जात्यांना गती देते. धान्याची पोतीही वाऱ्याच्याच जोरावर वर ओढली जातात. पुढचा प्रवास वरून खाली, मजल्यामजल्याने.

दळण्याचे तत्त्व आपल्या जात्याचेच : खालची तळी स्थिर, वरची फिरती. मात्र येथे वैरण घालायला कोणी बसत नाही. चाड्यासारख्या लाकडी पेटीतून धान्य एका तिरक्या पन्हळीत उतरते आणि फिरता दांडा त्या पन्हळीला सतत हिसके देत ते जात्यात सोडतो. त्याच्या अखंड खडखडाटामुळे गिरणीवाल्यांनी या दांड्याला ‘डॅम्झेल’, म्हणजे तरुणी, असे खवचट नाव दिले होते. दोन तळ्यांमधली फट अगदी बारीक राखावी लागते. धान्य संपून दगडावर दगड घासला तर ठिणग्या उडतात, आणि लाकडी गिरणीत त्या फार महाग पडत. झिजलेल्या जात्याला आपल्याकडे टाकी लावतात, तशीच तिथेही लावावी लागते.

थोरल्या ग्रीनच्या मुलाला या धंद्याचा कंटाळा होता. शाळा लहानपणी जेमतेम वर्षभराची. तरीही १८२८ मध्ये त्याने वीज व चुंबकत्व यांच्या गणितावर निबंध स्वतः छापला. साडेसात शिलिंग मोजणारे वर्गणीदार मिळाले ५१. वडील गेल्यावर, १८३३ मध्ये, चाळिशीत तो केंब्रिजला विद्यार्थी म्हणून दाखल झाला. निबंधाचे मोल विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८४५ मध्ये ओळखले, तेव्हा लेखक हयात नव्हता.

गिरणी १८६० च्या दशकात बंद पडली. पुढे तेथे पॉलिशचा कारखाना होता. १९४७ च्या आगीत आतले सारे जळाले, विटांचा बुरूज तेवढा उरला. डागडुजीनंतर १९८६ मध्ये ती पुन्हा पीठ पाडू लागली. शेजारीच विज्ञानकेंद्र आहे.