लव्हर्स रॉक

लव्हर्स रॉक : लंडनमध्ये घडलेली रेगे संगीताची प्रेमगीतप्रधान शाखा. तिचा बहर साधारणपणे १९७५ ते १९८५ या दशकातला. रेगे मूळचे जमैकाचे. ही शाखा मात्र ब्रिटनमध्ये वाढलेल्या कॅरिबियन वंशाच्या मुलींच्या आवाजावर उभी राहिली. त्यांतल्या अनेक जणी पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी शाळेत जात होत्या.

या शाखेचा आरंभ नेमका कोणत्या गाण्याने झाला, याबद्दल एकमत नाही. बहुतेक लेखक लुइसा मार्कच्या ‘कॉट यू इन अ लाय’ (१९७५) या गाण्याला तो मान देतात. ते मुळात सोल या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावप्रधान गीतप्रकारातला गायक रॉबर्ट पार्कर याचे. लंडनच्या डॉल्स्टन भागातल्या ‘फोर एसेस’ क्लबात गायनस्पर्धा गाजवणाऱ्या लुइसाकडून निर्माता लॉइड कॉक्सन याने ते गाऊन घेतले, आणि साथीला ‘मटुंबी’ हा वाद्यवृंद होता. जिंजर विल्यम्सचे ‘टेंडरनेस’ त्याच्या थोडे आधीचे, बहुधा १९७४ चे, म्हणून काही जण तिला अग्रक्रम देतात. कालक्रम पाहता ही हरकत रास्त आहे. तथापि पुढच्या गायिकांनी नमुना म्हणून गिरवले ते लुइसाचेच गाणे.

नावाचा वाद आणखी गुंतागुंतीचा. दक्षिण लंडनमधील ब्रॉकली येथे डेनिस हॅरिस यांनी १९७७ च्या सुमारास याच नावाचे ध्वनिमुद्रिका-लेबल सुरू केले. संगीतकार डेनिस बोव्हेल आणि गिटारवादक जॉन कपिये त्यांचे सहकारी होते. लेबलाचे नाव ऑगस्टस पाब्लो या जमैकन वादकाच्या एका रचनेवरून घेतले, असे सांगितले जाते. ते खरे असले, तरी संगीतप्रकाराला नाव मिळाले ते लेबलावरूनच, हे मत अधिक ग्राह्य वाटते. लेबलापूर्वीच्या गाण्यांना ते मागाहून चिकटलेले दिसते.

तालाच्या बाबतीत पाया रेगेचाच. ‘वन ड्रॉप’ या प्रचलित ठेक्यात चार मात्रांपैकी पहिली मोकळी सुटते आणि मुख्य आघात तिसरीवर येतो. समेवर थाप ऐकण्याची सवय असलेल्या कानाला हे सुरुवातीला चुकल्यासारखे वाटते. लव्हर्स रॉकने हाच ठेका सौम्य केला, बेसचा भारदस्तपणा राखला आणि त्यावर शिकागो व फिलाडेल्फियाच्या सोल संगीतातील स्वरमेळ चढवला. जॅनेट के हिच्या ‘सिली गेम्स’साठी (१९७९) बोव्हेल यांनी ड्रमचा वेगळाच बोल बांधला आणि तो ‘अस्वाद’ वाद्यवृंदाच्या अँगस गे याने वाजवला. त्या गाण्यात जॅनेट के अतितार सप्तकाजवळचा एक स्वर लावते. एला फिट्झजेरल्डच्या आवाजाने काच फुटते अशी टेपची एक जाहिरात तेव्हा गाजत होती. त्यावरून हा स्वर सुचल्याचे बोव्हेल यांनी सांगितले आहे. नाचणाऱ्या मुली तो स्वर गाठायचा प्रयत्न करणार, हा त्यांचा होरा बरोबर ठरला.

जॅनेट के (जन्म लंडन, १९५८) हिने १९७७ मध्ये जमैकन गायक अल्टन एलिस यांच्या निर्मितीखाली अमेरिकन गायिका मिनी रिपर्टनच्या ‘लव्हिंग यू’ने सुरुवात केली होती. ‘सिली गेम्स’ ब्रिटिश विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. हे यश अपवादात्मक. कॅरिबियन वस्त्यांतील लहान दुकानांतून होणारी विक्री अधिकृत यादीच्या मोजणीत फारशी येतच नसे. त्यामुळे घरोघरी वाजणाऱ्या कॅरल थॉम्पसन (‘होपलेसली इन लव्ह’, १९८१) किंवा जीन अडेबाम्बो (‘पॅराडाइज’, १९८१) यांची लोकप्रियता आकड्यांत उतरली नाही. यादीच्या आधारे या गायिकांचे मोल ठरवणे म्हणूनच फसवे आहे. पुढे जॅनेट केने अभिनय केला आणि जपानमध्ये तिला मोठा श्रोतृवर्ग लाभला.

ही गाणी मुख्यतः ‘ब्लूज पार्टी’त वाजत. क्लबांच्या दारातून कृष्णवर्णीय तरुणांना परत पाठवले जाण्याच्या त्या काळात घराचे तळघर किंवा पुढची खोली रिकामी करून कपाटाएवढे स्पीकर लावले जात. दारात थोडे पैसे घेतले जात. आत रस्सा-भात आणि बिअर. उत्तररात्री रूट्स रेगे, म्हणजे धार्मिक-राजकीय आशयाचे रेगे, थांबवून लव्हर्स रॉक लागले, की जोड्या भिंतीला टेकून जवळजवळ जागच्या जागी डुलत.

हे संगीत अराजकीय होते, असे रूट्सचे पुरस्कर्ते म्हणत. लिसा पामर यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते खोडून काढले आहे : वंशद्वेषाच्या वातावरणात कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांनी एकमेकांवरचे प्रेम गाणे हीच राजकीय कृती. शिवाय ‘ब्राउन शुगर’ या त्रयीने ‘ब्लॅक प्राइड’ नावाचे गाणेच गायले होते, हे टीकाकार विसरतात. या त्रयीतील कॅरन व्हीलर हिने पुढे ‘सोल टू सोल’ या गटाबरोबर गायलेले ‘बॅक टू लाइफ’ १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये अव्वल ठरले.

१९८५ नंतर डान्सहॉल ही संगणकीय ठेक्यांची रेगेची नवी शाखा पुढे आली. डेबोरा ग्लासगो हिचे ‘चँपियन लव्हर’ या संधिकालातले. जमैकन गायक शबा रँक्सचे ‘मिस्टर लव्हरमॅन’ त्यावरूनच निघाले. त्या गाण्याचे जगभर गाजलेले रूप मात्र शेव्हेल फ्रँकलिनच्या आवाजात आहे. डेबोरा १९९४ मध्ये वारली. लुइसा मार्क २००९ मध्ये गांबियात निवर्तली.

स्टीव्ह मॅक्वीन यांच्या २०२० मधील चित्रपटात अशीच एक पार्टी आहे. तीत ‘सिली गेम्स’ची तबकडी थांबते आणि नाचणारे ते गाणे वाद्यांशिवाय बराच वेळ गात राहतात. त्या घोळक्यात बोव्हेल स्वतः दिसतात.