गच्चीवर सेन्सर लावला, पण आकडा खरा कशावरून?

मागच्या जुलैत आमच्या गच्चीवरचा हवेतली धूळ मोजायचा सेन्सर सकाळी सकाळी पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) दीडशेच्या वर दाखवत होता, आणि बाहेर आठवडाभर पावसाची झड, धूळ औषधाला नाही. ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला तर एकानं विचारलं, "भावा, पावसात धूळ कुठली?" मी गप्प. नंतर शोधाशोध केल्यावर कळलं की हा स्वस्तातला सेन्सर धूळ मोजतच नाही, तो लेझरचा उजेड किती विखुरला ते बघून अंदाज लावतो, आणि दमट हवेत बारीक कण पाणी पिऊन फुगतात, शिवाय धुक्याचे थेंबही त्याला धूळच वाटतात.

सरकारी पद्धत जुनी आहे आणि ती वजनावर चालते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७४ चं, हवेचा कायदा १९८१ चा, आणि देशभर हवा मोजायचं जाळं १९८४ पासून उभं राहिलं. आमच्या कोल्हापुरात पुढं शिवाजी विद्यापीठ, रुईकर ट्रस्ट आणि महाद्वार रोड अशा तीन जागा ठरल्या. मशीन म्हणजे एक मोठा पंप, त्यावर काचतंतूंचा पांढरा कागद, साधारण वहीच्या पानाएवढा. मिनिटाला एक घनमीटरच्या आसपास हवा त्यातून ओढायची, आठ तासांनी कागद बदलायचा, चोवीस तासांत तीन कागद. प्रत्येक कागद आधी कोरडा करून वजन करायचं, मग परत आल्यावर पुन्हा कोरडा करून वजन, आणि जो फरक येतो तो किती हवेतून आला ते बघून पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे सगळे कण) काढायचं. आता यात कागद दमट राहिला, चिमट्याऐवजी बोटानं उचलला, कोपरा फाटला किंवा पंपाचा प्रवाह तपासलाच नाही तर आकडा गेला, आणि हे सगळं आठवड्यातून दोनच दिवस, म्हणजे वर्षाला १०४ दिवस. उरलेल्या दिवसांत फडात पाचट पेटलं काय आणि गुऱ्हाळाचा धूर गावभर पसरला काय, कागदाला पत्ता नाही.

म्हणूनच लोकांना स्वतः मोजावंसं वाटतं, आणि यात अमेरिका आपल्या बरीच पुढं होती. तिथं कॅलिफोर्नियात रोडिओ गावाजवळच्या रिफायनरीतून १९९४ मध्ये सोळा दिवस रसायन गळत होतं, त्यातून १९९५ मध्ये 'बकेट'ची कल्पना आली: साध्या प्लास्टिकच्या बादलीत खास पिशवी, बादलीतली हवा ओढून काढली की बाहेरची हवा पिशवीत भरते, मग ती लॅबला पाठवायची. अशा वेळी पहिला प्रश्न ठरलेला, नमुना घेतला कोणी, कधी, कसा. त्यांच्या पर्यावरण खात्यात सरकारी पैशातल्या मोजमापाला लेखी क्वालिटी प्लॅन लागतो, हा दंडक १९८० च्या आसपासपासूनचा. काय मोजणार, यंत्र कशाशी ताडून बघणार, खराब डेटा कुठल्या नियमानं टाकून देणार, हे सगळं आधी लिहून मंजूर करून घ्यायचं. पुढं सेन्सर स्वस्त झाले, २०१४ मध्ये खात्यानं सेन्सरचं गाइडबुक काढलं, आणि २०२२ मध्ये लोकांच्या हवा-मापनासाठी १३२ प्रकल्पांना मिळून ५.३४ कोटी डॉलर द्यायचं ठरलं. दमटपणाचा घोळ तिथल्यांनाही आलाच, म्हणून सरकारी मशीनशेजारी सेन्सर ठेवून त्यांनी एक सूत्र काढलं: कच्चा आकडा जवळजवळ निम्मा करा, त्यातून आर्द्रतेचा हिस्सा वजा करा, वर एक ठरलेला आकडा मिळवा. पण ते सूत्र अमेरिकेच्या हवेवरचं, ते इकडं जसंच्या तसं चिकटवणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालणं.

आपल्याकडं २०१९ च्या जानेवारीत राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला आणि मर्यादा ओलांडणाऱ्या शहरांच्या यादीत कोल्हापूरही निघालं. मर्यादा २००९ ची, पीएम १० ची वर्षाची सरासरी घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आणि पीएम २.५ ची ४०. माझ्या मते खरी गोम इथं आहे. हा कार्यक्रम मुख्यतः पीएम १० बघतो, म्हणजे त्यात रस्त्यावरची जाडी धूळही आली, आणि स्वस्त लेझर सेन्सरला ती जाडी धूळ नीट दिसतच नाही, त्याचा पीएम १० चा आकडा बराचसा बारीक कणांवरून लावलेला अंदाज असतो. उद्या एखाद्या योजनेतून शाळाशाळांत, शिरोलीत, रंकाळ्यावर सेन्सर लागले आणि त्यांचा पीएम १० फलकावर झळकायला लागला, तर तो महाद्वार रोडच्या कागदाशी जुळेल असं धरून चालू नका.

लावायचेच असतील तर आधी सरकारी मशीनच्या शेजारी नेऊन ठेवा, तेही एकाच मोसमात नाही, एकदा मे महिन्याच्या धुळीत, एकदा पावसात आणि एकदा ऊस हंगामात, कारण तिन्ही वेळची हवा लय वेगळी. प्रत्येक ठिकाणी दोन सेन्सर जवळजवळ लावा, दोघांत फरक पडला की कुठला बिघडला ते तरी शोधता येतं. टपरीच्या तव्यावर नको, एक्झॉस्टसमोर नको (आमचा पहिले तीन आठवडे शेजारच्या फोडणीवर चालत होता, तो डेटा फेकून दिला). आणि हे ताडून बघायचे पैसे टेंडरमध्येच धरा, नंतर कोण देत नाही. आमच्या ग्रुपवर सध्या एवढंच ठरलंय, आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की स्क्रीनशॉट टाकायचा नाही, म्हणजे जून ते सप्टेंबर ग्रुप जवळपास शांतच.