मेंदूतल्या गाठीचा ग्रेड येतो कुठून?

पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटकडून सोलापुरात एमआरआयसाठी आलेला रुग्ण परत निघतो तेव्हा त्याच्या हातात फिल्मचे मोठे पाकीट असते आणि रिपोर्टात ‘हाय ग्रेड ग्लायोमाची शक्यता’ अशी ओळ असते. ग्लायोमा म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींची गाठ, आणि ग्रेड म्हणजे ती किती आक्रमक आहे याचा १ ते ४ असा दर्जा; ३ आणि ४ म्हणजे हाय. पाकिटातली सीडी पुष्कळदा कोणी उघडतही नाही. स्कॅनवरून ग्रेड सांगणारे संगणकाचे मॉडेल मात्र त्या सीडीतल्या डायकॉम फाइलींवरच, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल चित्रांवरच, चालते. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो त्याला पुरत नाही, कारण करड्या रंगाच्या बारीक छटा त्यात सपाट होऊन जातात.

मुळात ग्रेड ठरला तो काचपट्टीवर, म्हणजे गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. १९२६ मध्ये बेली आणि कुशिंग यांनी ग्लायोमांचे वर्गीकरण पेशींच्या रूपावरून केले. १९४९ मध्ये कर्नोहान यांनी त्यांना १ ते ४ असे ग्रेड दिले. १९८८ ची सेंट ॲन-मेयो पद्धत तर सरळ मोजणीची होती. केंद्रकांचे बिघडलेले रूप, पेशींचे विभाजन, रक्तवाहिन्यांच्या अस्तराची वाढ आणि मृत पेशींचा भाग, या चारपैकी एक दिसले तर ग्रेड २, दोन दिसली तर ३, तीन किंवा चार दिसली तर ४.

स्कॅन आले १९७१ मध्ये. त्या वर्षी १ ऑक्टोबरला लंडनमध्ये सीटीवर तपासलेल्या पहिल्या रुग्णालाही मेंदूत गाठ असल्याचीच शंका होती. पुढे एमआरआय आला आणि १९८८ पासून गॅडोलिनियमचे कॉन्ट्रास्ट वापरात आले. ६० किलोच्या माणसाला नेहमीच्या औषधाचे साधारण १२ मिली लागते. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर जिथे फुटलेला असतो तिथे ते झिरपते आणि टी१ या प्रकारच्या एमआरआय चित्रात ती जागा चमकते. मधोमध काळा मृत भाग आणि भोवती चमकती कड दिसली की रेडिओलॉजिस्ट ग्रेड ४ चा विचार करतात. पण हा अंदाजच असतो: ग्रेड १ चा मेनिंजिओमाही (मेंदूच्या आवरणातली गाठ) लख्ख चमकतो.

मशिन लर्निंगने हाच अंदाज आकड्यांत धरायचा प्रयत्न केला. आधी गाठीचा पोत आणि आकार हाताने मोजून ते आकडे एसव्हीएम या वर्गवारी करणाऱ्या गणिती पद्धतीला दिले जात. २०१२ मध्ये एमआरआयमध्ये मेंदूतली गाठ संगणकाने आखायची ब्रॅट्स स्पर्धा सुरू झाली आणि सर्वांना एकच सामाईक डेटा मिळाला. २०१५ मध्ये यू-नेट हे चित्रातला भाग आखून देणारे न्यूरल नेटवर्क आले. ब्रॅट्समध्ये प्रत्येक रुग्णाची चार प्रकारची एमआरआय चित्रे असतात: टी१, कॉन्ट्रास्टनंतरचे टी१, टी२ आणि फ्लेअर. कवटी काढून टाकलेली, १ मिमीच्या घनात बसवलेली, २४० × २४० × १५५ मापाची. २०१८ च्या प्रशिक्षण संचात २८५ रुग्ण होते, त्यातले २१० हाय ग्रेड. म्हणजे डोळे मिटून दर वेळी ‘हाय’ म्हणणारे मॉडेलही ७४ टक्के बरोबर ठरते. नुसती टक्केवारी बघून भुलू नये ते यासाठी.

इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टांत नेहमी दिसणारा दुसरा संच २३३ रुग्णांच्या ३,०६४ स्लाइसचा, म्हणजे मेंदूच्या एकेका कापाच्या चित्रांचा, आहे. त्यात ग्रेड नाहीच. मेनिंजिओमा, ग्लायोमा आणि पिट्युटरी ग्रंथीची गाठ एवढे प्रकारच आहेत. शिवाय स्लाइस सरमिसळ करून वाटल्या की एकाच रुग्णाच्या शेजारशेजारच्या स्लाइस शिकवणीतही जातात आणि परीक्षेतही. ९९ टक्के येतात ते पुष्कळदा यामुळे. वाटणी रुग्णवारच करायला हवी.

खरी अडचण मात्र लेबलची आहे. २००८ मध्ये ग्लिओब्लास्टोमात, म्हणजे ग्रेड ४ च्या ग्लायोमात, आयडीएच१ जनुकातला बदल सापडला आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात जनुकीय खुणा आल्या. २०२१ पासून प्रौढांमध्ये आयडीएच बदल नसलेल्या, पसरत जाणाऱ्या ॲस्ट्रोसायटोमात (ग्लायोमाचाच एक प्रकार) टर्ट किंवा ईजीएफआर या जनुकांतला किंवा ७ व १० क्रमांकाच्या गुणसूत्रांतला ठरावीक बदल सापडला, तर काचपट्टीवर मृत भाग दिसला नाही तरी तो ग्रेड ४ चा ग्लिओब्लास्टोमा ठरतो. म्हणजे जुन्या संचातला ‘लो ग्रेड’ आज कदाचित ग्लिओब्लास्टोमा असेल. जुन्या लेबलांवर शिकलेले मॉडेल जुनेच उत्तर देणार.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे. क्षयाची गाठ, मेंदूतला गळू, न्यूरोसिस्टिसरकोसिस (फीतकृमीच्या अळीचा मेंदूतला संसर्ग) यांनाही चमकती कड असते. फक्त ग्लायोमा पाहिलेले मॉडेल क्षयाच्या गाठीलाही बिनदिक्कत ग्रेड देईल, कारण ‘ही ग्लायोमा नाही’ असे उत्तरच त्याला शिकवलेले नसते. गळूतला पू डिफ्युजन या पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणाऱ्या एमआरआय चित्रात पांढरा दिसतो, पण ब्रॅट्सच्या चार चित्रांत डिफ्युजन नाही. त्यात नेहमीच्या तपासणीतल्या स्लाइस ५ मिमी जाडीच्या असतात. त्या संगणकाने १ मिमीच्या केल्या तरी मधली माहिती नव्याने येत नाही. आणि सीटीतल्या हाऊन्सफील्ड एककासारखी ठरलेली मोजपट्टी एमआरआयला नाही, त्यामुळे प्रत्येक मशीनचे आकडे आधी मेंदूच्या सरासरीवर बसवून घ्यावे लागतात.

सोलापुरात स्वतःचा डेटा जमवायचा असेल तर प्रत्येक रुग्णासाठी नाव काढून टाकलेल्या डायकॉम फाइली, मशीनचा टेस्ला (चुंबकाची ताकद), स्लाइसची जाडी, स्टिरॉइड सुरू होते का, शस्त्रक्रियेची तारीख, पॅथॉलॉजीचा निकाल, आयडीएचचा निकाल आणि ग्रेड कोणत्या सालच्या वर्गीकरणाने दिला, एवढे रकाने पहिल्या दिवसापासून ठेवावेत. यातला शेवटचा रकानाच बहुतेक ठिकाणी सुटतो.